लोड चौदा आणि प्रोसेसर मोकळा

मार्चअखेरच्या हिशेबांची धांदल सुरू असताना सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेलच्या एका कारखान्यातून मला बोलावणे आले. तेथील सर्व्हरवर एक बिल निघायला दहा-दहा मिनिटे लागत होती, आणि यंत्र पुरवणाऱ्या विक्रेत्याने ‘प्रोसेसर कमी पडतोय’ असे सांगून नव्या यंत्राचे कोटेशनही देऊन ठेवले होते. सर्व्हर लिनक्स या कार्यप्रणालीवर चालणारा आणि चार कोरचा, म्हणजे एका वेळी चार कामे करू शकणाऱ्या प्रोसेसरचा होता. मी यंत्राची चालू स्थिती दाखवणारी ‘टॉप’ ही आज्ञा दिली, तेव्हा पहिल्या ओळीत लोड ॲव्हरेजचे तीन आकडे दिसले: १४.२०, ११.८५ आणि ७.३०. तिसऱ्या ओळीत प्रोसेसरचा हिशेब होता. त्यात प्रोग्रॅमसाठी ४ टक्के, कर्नलसाठी (लिनक्सच्या गाभ्यासाठी) २ टक्के आणि बाकीचा वेळ ‘आयडी’ (रिकामा) व ‘डब्ल्यूए’ (डिस्कची वाट पाहण्यातला) या दोन रकान्यांत पडलेला, म्हणजे वायाच गेलेला.

माझ्या खांद्यावरून पाहत असलेल्या मालकांनी विचारले, “चौदा म्हणजे किती टक्के हो?”

हा प्रश्न मला वरचेवर ऐकायला मिळतो. प्रोसेसरचा वापर टक्क्यांत सांगतात, कारण ते वेळेचे प्रमाण आहे. मोजलेल्या वेळापैकी किती वेळ कोर कामात होता, एवढेच तो आकडा सांगतो. लोड ही मात्र डोकी मोजल्यासारखी मोजणी आहे आणि तिला शंभराची मर्यादा नाही. प्रोसेसरवर चालू असलेली कामे आणि पाळी येण्याची वाट पाहणारी कामे मिळून जी संख्या होते, ती लोड. चार कोरच्या यंत्रावर चार लोड म्हणजे प्रत्येक कोरला एक काम. तोच चार एका कोरच्या यंत्रावर आला तर तिघे रांगेत उभे आहेत असे समजावे. म्हणून कोर किती आहेत हे ठाऊक नसताना लोडच्या आकड्यावर बोलण्यात अर्थ नसतो.

तीन आकडे अनुक्रमे १, ५ आणि १५ मिनिटांचे असतात, पण ती साधी सरासरी नव्हे. कर्नल साधारण दर पाच सेकंदांनी मोजणी करतो आणि जुन्या मोजणीचे वजन हळूहळू कमी करत जातो, त्यामुळे मोकळ्या यंत्रावर सतत चालणारे एकच काम सुरू केले तर मिनिटभरानंतर पहिला आकडा १ न दाखवता ०.६३ च्या आसपास असतो. आमच्या यंत्रावर पहिला आकडा तिसऱ्याच्या जवळजवळ दुप्पट होता, म्हणजे अडचण वाढत चालली होती.

तरीही मूळ कोडे शिल्लकच होते: प्रोसेसर मोकळा असताना चौदा जण थांबले होते कशासाठी? सोलापुरात याचे उत्तर समजावणे सोपे जाते. बाण्याच्या, म्हणजे आडव्या धाग्याच्या कांड्या आल्या नाहीत की माग बंद पडतो. विणकर मागापाशीच उभा असतो, हजेरीपटावर त्याची हजेरी लागलेली असते, पण कापड पुढे सरकत नाही. लिनक्स अशा थांबलेल्यांनाही लोडमध्ये धरतो. मागवलेली माहिती डिस्ककडून येईपर्यंत मध्येच उठवता येत नाही अशा अवस्थेत गेलेले काम यादीत ‘डी’ या अक्षराने दिसते. पूर्वी लिनक्स अशी कामे मोजत नसे. १९९३ मध्ये प्रोग्रॅमर माथियास उर्लिक्स यांनी पाठवलेल्या कर्नलच्या दुरुस्तीपासून ती मोजली जाऊ लागली. त्यांचा मुद्दा मला आजही बिनतोड वाटतो: वेगवान स्वॅप डिस्क (मेमरी अपुरी पडली की वापरली जाणारी) काढून मंद डिस्क बसवली तर यंत्र रखडते, आणि लोडचा आकडा मात्र खाली येतो, हे विचित्र आहे.

‘डब्ल्यूए’ या रकान्यावरही फार विसंबू नये. एखादे काम डिस्कसाठी अडलेले असताना कोर रिकामा राहिला, तर तो वेळ तेथे नोंदवला जातो. त्याच कोरला दुसरे काम मिळाले की हा आकडा उतरतो आणि डिस्कचे दुखणे झाकले जाते. म्हणून मी ‘डी’ अवस्थेतली कामे वेगळी काढली. ती तेरा निघाली: रात्री सुरू होऊन सकाळपर्यंत न संपलेला बॅकअप आणि त्याच डिस्कवर ताटकळलेली बिलांची कामे. कुणीतरी ती सक्तीने बंद करण्याचाही प्रयत्न करून पाहिला होता, पण या अवस्थेतले काम सहसा त्यालाही दाद देत नाही. डिस्कचे काम मोजणाऱ्या ‘आयओस्टॅट’ या आज्ञेत डिस्कच्या एकेका मागणीला सरासरी १,९०० मिलिसेकंद लागत होते, धडधाकट हार्ड डिस्क एरवी एखादी मागणी दहा-पंधरा मिलिसेकंदांत पुरी करते. कर्नलच्या नोंदींत वाचनाच्या चुकांची रांगच लागली होती. डिस्क शेवटच्या घटका मोजत होती.

टक्क्यांचा आकडाही कधी कधी चकवतो. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या वर असतो, पंख्याच्या जाळीत कापसाची तूस बसलेली असते, आणि अशा वेळी तापलेला प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो. काम तेवढेच, पण त्याला वेळ जास्त लागतो, म्हणून वापराचे टक्के चढतात. अशा यंत्राला आधी ब्रश आणि ब्लोअर लागतो.

कारखान्यात त्या दिवशी आधी हिशेबाची प्रत दुसऱ्या डिस्कवर सुरक्षित घेतली आणि मग डिस्क बदलली. प्रोसेसर तोच राहिला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मालकांचा फोन आला. बिले झटपट निघत होती, बॅकअप चालू होता, लोड २.१० होता, पण प्रोसेसरचा वापर कालच्या ६ टक्क्यांवरून ४५ वर गेल्याचे पाहून ते धास्तावले होते. मी त्यांना सांगितले की कांड्या आता वेळेवर पोहोचत आहेत, म्हणून माग चालू आहेत.