पोडायट्री स्कूल बदलायचंय? आधी दोन्हीकडचे सिलॅबस शेजारी ठेवा

पोडायट्री म्हणजे पाय आणि घोट्याच्या आजारांचं वैद्यकशास्त्र. अमेरिकेत त्याची डीपीएम ही डॉक्टरकीची पदवी देणारी कॉलेजं मोजून ११. ‘इथे नाही पटलं तर दुसरीकडे जाऊ’ असं बोलणं सोपं आहे, पण एवढ्या छोट्या जगात ट्रान्सफर हा काही रोजचा मामला नाही. झालीच तर ती बहुतेक वेळा पहिलं वर्ष संपवून दुसऱ्याच्या सुरुवातीला होते. तीही त्या वर्गातलं कुणी नापास झालं किंवा सोडून गेलं आणि जागा रिकामी झाली, तरच. त्यामुळे जानेवारीत चौकशी केली की कॉलेजकडे ठोस उत्तर नसतं. वार्षिक निकाल लागल्यावर उन्हाळ्यात कुठे चित्र स्पष्ट होतं, आणि तोवर नवं वर्ष तोंडावर आलेलं असतं. नव्या कॉलेजचं लेखी पत्र हातात पडेपर्यंत जुन्या कॉलेजातून नाव काढून घ्यायचं नाही, हे सगळ्यात आधी.

नाराजी नक्की कशावर आहे, हे मात्र स्वतःशी प्रामाणिकपणे ठरवा. अभ्यासाचा डोंगर, आठवड्याआड परीक्षा, पाठांतर हे सगळं पुढच्या कॉलेजातही तसंच असणार. एपीएमएलई या परवाना परीक्षेचा पार्ट वन सगळ्यांना एकच आणि पदवीनंतरची ३ वर्षांची रेसिडेन्सी, म्हणजे हॉस्पिटलमधलं प्रशिक्षणही सगळ्यांना सारखंच. खरी इच्छा एमडी किंवा डीओ (तिकडच्या सर्वसाधारण डॉक्टरकीच्या दोन पदव्या) व्हायची असेल तर पोडायट्री स्कूल बदलून काहीच साधत नाही. तिकडे पोडायट्रीचे क्रेडिट धरत नाहीत. एमकॅट ही प्रवेश परीक्षा देऊन पहिल्या वर्षापासून सुरुवात करावी लागते. घरच्यांची अडचण, जोडीदाराची नोकरी, आजारपण, किंवा शिकवण्याची पद्धतच मानवत नसणं, ही कारणं वेगळी. ती प्रवेश समितीला समजतात आणि ट्रान्सफरने सुटूही शकतात.

कॉलेजांची तुलना करताना कॅम्पसच्या फोटोंवर जाऊ नका. पार्ट वनला पहिल्या प्रयत्नात किती पास झाले, रेसिडेन्सी कितींना मिळाली, ४ वर्षांत कितींनी पदवी घेतली, हे आकडे कॉलेजं जाहीर करतात. ते एकत्र वाचायचे. पास होणाऱ्यांचं प्रमाण भरघोस आणि वेळेत पदवी घेणाऱ्यांचं कमी असेल, तर कच्ची मुलं परीक्षेआधीच मागे ठेवली जात असण्याची शक्यता धरा. परीक्षेला बसायला डीनची मान्यता लागते, त्यामुळे हे अवघड नाही. नव्या कॉलेजांच्या बाबतीत आकडेच तुटपुंजे असतात. टेक्सासमधल्या रिओ ग्रँड व्हॅली विद्यापीठाचं पोडायट्री स्कूल २०२२ मध्ये सुरू झालं; ४ वर्षांच्या कोर्सचा हिशेब केला तर पहिली बॅच २०२६ ची.

आता सिलॅबस. गाडी अडते ती इथेच. डी मॉइन किंवा पोमोनाच्या वेस्टर्न विद्यापीठात पोडायट्रीची मुलं बेसिक सायन्सचे बरेच विषय डीओच्या मुलांबरोबर शिकतात. काही कॉलेजांत वर्ग फक्त पोडायट्रीचा असतो. काही ठिकाणी फिजिओलॉजी, पॅथॉलॉजी, फार्माकोलॉजी असे सुटे विषय असतात, तर काही ठिकाणी हृदय, मूत्रपिंड अशा अवयवसंस्थांनुसार सगळं मिसळून शिकवतात. सुट्या विषयांच्या कॉलेजातून मिसळलेल्या कॉलेजात गेलात की तुमचं फार्माकोलॉजी अर्धं झालेलं आणि अर्धं राहिलेलं निघतं. मग रजिस्ट्रार ते पूर्णही धरत नाही आणि सोडूनही देत नाही.

सगळ्यात जास्त घोळ पायाच्या अ‍ॅनाटॉमीचा. समजा, तुमच्या कॉलेजात हा विषय दुसऱ्या वर्षी आहे आणि नव्या कॉलेजात पहिल्या वर्षीच उरकलेला आहे. मग तुम्ही दुसऱ्या वर्षाच्या वर्गात बसणार आणि ज्या विषयावर पुढचं बायोमेकॅनिक्स (हालचालींचं शास्त्र) आणि सर्जरी उभी आहे, तोच तुमचा झालेला नसणार. पार्ट वनमध्येही त्याचं वजन मोठं. अशा वेळी कॉलेज दोनच पर्याय देतं: पहिल्या वर्षासोबत बसून तो विषय करा, नाहीतर वर्ष पुन्हा करा. वर्ष पुन्हा म्हणजे आणखी एक वर्षाची फी आणि राहण्याचा खर्च.

म्हणून फक्त ट्रान्स्क्रिप्ट (गुणपत्रक) पाठवून भागत नाही. प्रत्येक विषयाचा सविस्तर सिलॅबस जोडा: तास किती, लॅबचे तास किती, डिसेक्शन स्वतः केलं की तयार नमुने पाहिले, पुस्तक कोणतं. हे कागद कॉलेजच्या पोर्टलवर असतात आणि नाव काढलं की लॉगिन बंद होतं. आधीच उतरवून ठेवा.

तिसऱ्या वर्षात ट्रान्सफर घेणं आम्ही सुचवणार नाही. तिथे क्लिनिक सुरू होतं आणि प्रश्न मार्कांचा न राहता हाताचा होतो. साधं ऑर्थोटिकसाठी, म्हणजे बुटात घालायच्या आधारासाठी, प्लास्टरचा साचा घ्यायचं उदाहरण घ्या. घोट्याखालचा सबटॅलर सांधा न्यूट्रलमध्ये (मधल्या स्थितीत) आणायचा, चौथ्या-पाचव्या मेटाटार्सलखाली (बोटांमागच्या हाडांखाली) अंगठ्याने दाबून पुढचा पाय अडेपर्यंत वर न्यायचा आणि प्लास्टर घट्ट होईपर्यंत तो तसाच धरायचा. जुन्या कॉलेजात हे सही घेऊन तपासलेलं नसेल, तर नव्या ठिकाणी शिक्षक पेशंटला हात लावू देत नाहीत. नखं, कॅलस (कडक झालेली त्वचा), सुन्न करायची इंजेक्शनं, सगळ्यांचं तेच. शिवाय चौथ्या वर्षाच्या क्लर्कशिपची (हॉस्पिटलमधल्या प्रत्यक्ष कामाची) धावपळ तिसऱ्यातच सुरू होते.

गुणांचंही लक्षात घ्या. क्रेडिट धरले म्हणजे ग्रेड धरल्या असं नाही. बऱ्याच ठिकाणी बाहेरचे क्रेडिट नुसते ‘पूर्ण’ म्हणून लागतात आणि जीपीए, वर्गातला क्रमांक शून्यापासून सुरू होतो. चांगले मार्क असलेल्याचं यात नुकसान होतं. कमी मार्क असलेल्याने खूश होऊ नये, कारण जुनी ट्रान्स्क्रिप्ट रेसिडेन्सीच्या अर्जापर्यंत सोबत येते. आधीचं कॉलेज लपवून नव्याने अर्ज करायची युक्ती तर मुळीच नको. नोंदणीचे रेकॉर्ड सहज तपासता येतात आणि लपवल्याचं उघड झालं तर मिळालेला प्रवेशही जातो.

अर्जात ‘गुड स्टँडिंग’चं, म्हणजे कॉलेजात तुमचं सगळं ठीक असल्याचं, डीनचं पत्र जवळपास हमखास मागतात, म्हणजे तुम्ही निघताय हे तुमच्या डीनला कळणारच. दुसऱ्याकडून कळण्यापेक्षा स्वतः जाऊन सांगितलेलं बरं. कारण लिहिताना जुन्या कॉलेजची उणीदुणी काढू नका. डीनमंडळी एकमेकांना ओळखतात. ३-४ वाक्यांत अडचण आणि नव्या ठिकाणी ती कशी सुटते, एवढं पुरे.

पैशांचं गणित टर्मशी बांधलेलं आहे. टर्मचा ६० टक्के काळ उलटायच्या आत नाव काढलं तर अमेरिकी केंद्र सरकारच्या कर्जातला न वापरलेला हिस्सा परत जातो आणि कॉलेजची बाकी तुमच्या अंगावर येते. ती थकली तर ट्रान्स्क्रिप्टही अडवली जाऊ शकते. म्हणून कितीही वैताग आला तरी टर्म पूर्ण करा. जुन्या कॉलेजची स्कॉलरशिप सोबत येत नाही. आणि १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांना ग्रॅड प्लस हे सरकारी कर्ज बंद. जुन्यांना दिलेली सवलत चालू कोर्सशी जोडलेली आहे, त्यामुळे कॉलेज बदलल्यावर ती टिकते का, हे नव्या कॉलेजच्या फायनान्शियल एड ऑफिसकडून ईमेलवर लेखी घ्या, फोनवर नको.

एफ-१ (विद्यार्थी) व्हिसावर असाल तर सेव्हिस रेकॉर्ड (परदेशी विद्यार्थ्यांची सरकारी नोंद) कोणत्या तारखेला सोडायचं हे दोन्ही ऑफिसांशी बोलून ठरवा आणि नव्या कॉलेजचा आय-२० (व्हिसासाठीचं प्रवेशपत्र) वेळेत घ्या. ती तारीख उलटली की रेकॉर्ड नव्या कॉलेजच्या ताब्यात जातं, मग विचार बदलला तरी जुनं कॉलेज स्वतःहून ते परत घेऊ शकत नाही. लसीकरणाचे कागद, हिपॅटायटिस बीचा टायटर (लसीने रक्तात तयार झालेल्या अँटिबॉडीची पातळी) आणि बॅकग्राउंड चेक नव्याने मागतील. टायटर कमी निघून डोस पुन्हा घ्यावे लागले तर काही महिने जातात, त्यामुळे ती रक्ततपासणी अर्ज करतानाच करून घ्या.