अजून तीनच सेंटीमीटर

रात्री दोनच्या सुमारास बाथरूमला उठले तेव्हा कपड्यावर गुलाबीसर, चिकट डाग दिसला. नऊ महिने गर्भाशयाचं तोंड बंद ठेवणारा चिकट बूच सुटला होता. त्याबद्दल वाचलेलं होतं, तरी हातपाय गार पडले. नवऱ्याला उठवलं आणि दोघंही पलंगाच्या कडेला नुसतेच बसून राहिलो. बूच सुटला म्हणजे लगेच कळा येतात असं नाही. काहींना काही तासांत येतात, काहींना बरेच दिवस लागतात. दिलेल्या तारखेला अजून तीन दिवस होते. ही तारीख म्हणजे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून २८० दिवस मोजून काढलेला अंदाज, नेमकी त्याच दिवशी येणारी बाळं शंभरात चार-पाचच असतात. हे मला पाठ होतं, पण मनाने ती तारीख परीक्षेच्या तारखेसारखी धरून ठेवली होती.

चारच्या आसपास कळा सुरू झाल्या. सुरुवातीला पाळीत दुखतं तसंच, फक्त लाटेसारखं. पोट घट्ट व्हायचं, दगडासारखं कडक लागायचं आणि पुन्हा सैल पडायचं. शेवटच्या महिन्यात अशा खोट्या कळा येऊन गेल्या होत्या, पण कूस बदलली, थोडं चाललं की त्या विरायच्या. या विरेनात. दहा मिनिटांनी एक, मग आठ मिनिटांनी. नवऱ्याने एका वहीत वेळ लिहायला घेतली. ती वही माझ्याकडे अजून आहे. पहिल्या पानावर सुबक अक्षर, तिसऱ्या पानापासून नुसते आकडे, तेही वाकडेतिकडे.

निघायचं कधी, ते आम्हाला आधी सांगून ठेवलं होतं. पहिलं बाळंतपण असेल तर कळा पाच-पाच मिनिटांनी याव्यात, प्रत्येक कळ मिनिटभर टिकावी आणि हे तासभर चालावं. त्याआधी पाणी गेलं, ताजं लाल रक्त गेलं किंवा बाळाची हालचाल कमी वाटली, तर मात्र घड्याळ न बघता तडक निघायचं. अकरा वाजता आमचा तो तास भरला आणि आम्ही निघालो.

दवाखान्यात पोटाला पट्टे बांधून बाळाचे ठोके आणि माझ्या कळा कागदावर काढल्या. ठोके १४० च्या आसपास, छान चालले होते. मग आतून तपासणी झाली. नऊ तास जागी असलेली मी गर्भाशयाचं तोंड किती उघडलंय तो आकडा ऐकायला श्वास रोखून थांबले होते.

"अजून तीनच सेंटीमीटर. घरी जाऊन आराम करा."

मी म्हटलं, खूप दुखतंय, कंबर तुटतेय. तपासणाऱ्या डॉक्टर हातमोजे काढता काढता म्हणाल्या, "एवढ्यातच थकलात तर पुढे कसं होणार?" त्या वाक्याचा राग मला आजही आहे. घरी पाठवण्यात चूक काहीच नव्हती. आई आणि बाळ ठीक असतील तर सुरुवातीचा हा टप्पा घरी काढणंच बरं असतं. पण त्या "तीनच" मधल्या "च"ने माझं सगळं बळ गेलं. गाडीत बसून मी रडले. पहाटेपासून मी जे काही सोसलं ते मोजण्यातच आलं नाही, असं वाटलं.

घरी आल्यावर मी एक हिशोब मांडला आणि तो फार महागात पडला. तोंड तासाला एक सेंटीमीटर उघडतं, असं कुठेतरी वाचलं होतं. अकराला तीन, म्हणजे संध्याकाळी सहाला दहा, पूर्ण उघडलेलं. ती पूर्ण दुपार मी त्या हिशोबावर काढली. प्रत्येक तास संपला की मनात एक सेंटीमीटर जमा करायचे. नवरा म्हणत होता, जरा पड, डोळे मीट. मी पडले नाही. चालत राहिले, कळ आली की भिंतीला कपाळ टेकवून उभी राहायचे. आज कोणी मला विचारलं तर मी सांगेन की त्या दुपारी कळांच्या मधल्या मोकळ्या मिनिटांत पडून राहा, घोटभर पाणी प्या, लघवीला जाऊन या, बाकी काही करू नका. पुढे लागणारी ताकद मी त्या दुपारीच खर्च करून टाकली.

दुखणं सगळं कमरेत होतं. पोटात कळ येते असं ऐकलेलं, इथे तर कोणीतरी माकडहाडाच्या वर आतून बुक्का रोवून ठेवलाय असं वाटत होतं. नवऱ्याने एकदा सहज तिथे हात ठेवला आणि मी ओरडले, "दाब! जोरात दाब!" त्याने तळहाताचा मनगटाजवळचा भाग बरोबर त्या जागेवर रोवला आणि अंगाचा भार टाकला. कळ तेवढीच होती, पण तिला समोरून कोणीतरी अडवत होतं. तिथून पुढे रात्रीपर्यंत प्रत्येक कळेला त्याचा हात त्याच जागी. दुसऱ्या दिवशी त्याचं मनगट सुजलं होतं.

संध्याकाळी सातला पुन्हा दवाखान्यात. माझ्या हिशोबाने बाळ हातात असायला हवं होतं.

"चार."

आठ तासांत एक सेंटीमीटर. मी नवऱ्याला म्हटलं, माझ्याच्याने हे होणार नाही, सिझर करा म्हणावं. अगदी मनापासून म्हटलं.

रात्रपाळीच्या सिस्टर आल्या त्या वेळी. वयाने मोठ्या, आवाज शांत. त्यांनी आधी दोन्ही हात पोटावर फिरवून बाळ चाचपलं, मग माझ्या शेजारी बसल्या आणि म्हणाल्या, "कोण म्हणालं काही झालं नाही? सकाळी तोंड जाड होतं, मागे होतं. आता ते पुढे आलंय आणि कागदासारखं पातळ झालंय. हे बघ." त्यांनी अंगातल्या स्वेटरची बाही ओढून मुठीच्या पुढे घेतली. मूठ आत, बाही पुढे लोंबणारी. "ही बाही म्हणजे तुझ्या गर्भाशयाचं तोंड. ही मूठ म्हणजे बाळाचं डोकं." त्या मूठ हळूहळू पुढे ढकलू लागल्या. बाहीचा लोंबणारा भाग आधी आखूड झाला, वर ओढला गेला, मुठीवर ताणून पातळ बसला. भोक अजून तेवढंच. मग एकदम कडा मागे सरकायला लागल्या आणि बोटांची पेरं दिसली. "आम्ही सेंटीमीटरमध्ये सांगतो ते फक्त हे भोक. त्याआधीचं हे सगळं त्या आकड्यात येत नाही. पहिलटकरणीचा बराच वेळ यातच जातो."

त्या एका बाहीने माझं बाळंतपण बदललं असं मी अजिबात न कचरता म्हणेन. कळ तीच होती, पण आता ती काय करतेय ते मला दिसत होतं.

तासाला एक सेंटीमीटरचं मूळ मी नंतर शोधलं. अमेरिकेतले डॉक्टर इमॅन्युएल फ्रीडमन यांनी १९५५ साली पहिलटकरणींच्या प्रसूतींचे आलेख प्रसिद्ध केले, त्याच कामातून पुढे ही मोजपट्टी रूढ झाली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ च्या मार्गदर्शनात स्पष्ट म्हटलंय की काही स्त्रियांसाठी हा वेग वास्तवात येणाराच नाही, आणि आई-बाळ ठीक असताना फक्त या कारणासाठी हस्तक्षेप करू नये. प्रसूतीचा जोमाचा टप्पा तिथे पाच सेंटीमीटरपासून धरलाय, त्याच्या आधीचा टप्पा किती चालेल याला ठरावीक वेळच दिलेली नाही. म्हणजे मी ज्या दुपारी तासांचा हिशोब करत बसले होते, तो टप्पा तासांत बसवायचा नव्हताच. हे आधी कोणी सांगितलं असतं तर त्या गाडीत मी रडले नसते.

कंबर का दुखतेय तेही सिस्टरनीच सांगितलं. बाळाचं डोकं खाली होतं, पण पाठ माझ्या पाठीकडे. डोक्याचा मागचा कडक भाग सरळ माझ्या कण्याच्या खालच्या हाडावर घासत होता. बहुतेक बाळं कळांच्या ओघात आपली आपण फिरतात, त्याला वेळ लागतो इतकंच. त्यांनी मला हात आणि गुडघ्यांवर ओणवं केलं. पोट खाली सुटलं की कमरेवरचा दाब कमी व्हायचा.

साडेदहाला तशीच ओणवी असताना आत काहीतरी फट्कन झालं आणि मांड्यांवरून कोमट पाणी वाहिलं. सिस्टरनी आधी रंग पाहिला. स्वच्छ होतं. हिरवट असतं तर बाळाने पोटातच शी केली असा अर्थ, मग लक्ष आणखी बारकाईने ठेवावं लागतं. पाणी गेल्यावर मात्र कळांचं रूपच बदललं. मध्ये दोन मिनिटंसुद्धा मिळेनात. एक वाजता सहा सेंटीमीटर होते आणि मी एपिड्युरल, म्हणजे कळांचं दुखणं कमी करणारं पाठीतलं औषध, मागितलं.

यावर स्वच्छ बोलायचं आहे, कारण ते घेतलं म्हणून मला नंतर बरंच ऐकून घ्यावं लागलं. तेवीस तास मी जागी होते. भूलतज्ज्ञांनी उशीला कवटाळून पाठ गोल करून बसायला सांगितलं. सुई टोचण्यापेक्षा कळ आलेली असताना न हलणं अवघड गेलं. एक अगदी बारीक नळी पाठीत राहते, त्यातून औषध जातं. पंधरा-वीस मिनिटांत कळ फक्त पोट ताणल्यासारखी जाणवायला लागली. पाय जड झाले, रक्तदाब वारंवार मोजत होते, लघवीसाठी नळी घातली. जोर लावायचा टप्पा याने थोडा लांबू शकतो, हेही आधी सांगितलं होतं. सिस्टरनी मला कुशीवर वळवून गुडघ्यांमध्ये जाड उशी ठेवली आणि मी झोपले. खरंच झोपले. त्या तीन तासांत बाळ फिरलं. जागी झाले तेव्हा चार वीस, तोंड पूर्ण उघडलेलं, दहा.

जोर लावायला लगेच घेतलं नाही. बाळाला आणखी खाली उतरू दिलं. पाचला सुरुवात केली. पहिले सात-आठ जोर वाया गेले, मी सगळी ताकद चेहऱ्यात आणि गळ्यात लावत होते. सिस्टरनी आत बोट ठेवून सांगितलं, "इथे. माझ्या बोटावर ढकल." मग समजलं. डोकं जोराला दिसायचं आणि कळ ओसरली की पुन्हा आत जायचं. हे पाहून माझा धीर सुटायला लागला तर त्या म्हणाल्या, "दोन पावलं पुढे, एक मागे. कातडीला ताणायला वेळ मिळतोय." मध्ये एकदा बाळाचे ठोके ९० पर्यंत उतरले. खोलीतलं बोलणं थांबलं. मला डाव्या कुशीवर वळवलं, कळ ओसरल्यावर ठोके १३० वर आले आणि डॉक्टरांनी मान हलवली. ती काही सेकंद मी अजून विसरलेले नाही.

शेवटी एपिड्युरलच्याही पलीकडची जळजळ झाली. "आता जोर नको. फुंकर मार, नुसती फुंकर." मी फुंकत राहिले, डोकं सावकाश बाहेर आलं, पुढच्या कळेला खांदे आणि मग सगळं बाळ एकदम, निसटल्यासारखं. सहा बारा.

मुलगी. ओली, गरम, अंगावर साईसारखा पांढरा थर, डोकं मागे निमुळतं झालेलं. तिला सरळ माझ्या छातीवर ठेवली. नाळ मी कल्पनेत पातळ दोरीसारखी धरली होती. ती बोटाएवढी जाड, निळसर पांढरी, पीळ पडलेली होती, आणि नवऱ्याने बोट लावून पाहिलं तर उडत होती. ती थांबेपर्यंत कोणी कापली नाही. तेवढ्या वेळात वारेतलं, म्हणजे पोटात बाळाला पोसणाऱ्या अवयवातलं, बरंच रक्त बाळाला मिळतं.

मांडीत एक इंजेक्शन दिलं, रक्तस्राव आटोक्यात राहावा म्हणून. बारा मिनिटांत वार पडली. त्यानंतर सिस्टर माझं पोट दाबत राहिल्या, गर्भाशय आवळून कडक होतंय ना ते पाहायला. ते चांगलंच दुखतं आणि याची कल्पना मला कोणीही दिली नव्हती. थोडं फाटलं होतं, तीन टाके पडले.

तेवढ्यात मागे कोणीतरी म्हणालं, "पाच मिनिटांचा अपगार नऊ." दिवसभर आकड्यांनी मला इतकं छळलं होतं की मी दचकून विचारलं, नऊच का? दहातला एक कुठे गेला? भूलतज्ज्ञ हसून म्हणाले, जन्मल्याबरोबर बाळाची तब्येत जोखायची ही पद्धत आमच्याच शाखेतल्या डॉक्टर व्हर्जिनिया अपगार यांनी १९५२ मध्ये काढली. ठोके, श्वास, स्नायूंचा ताण, प्रतिसाद आणि रंग, प्रत्येकाला दोन गुण. सिस्टरनी दुपट्याचं टोक उचललं आणि बाळाची पावलं मला दाखवली. अंग गुलाबी, पण दोन्ही तळवे निळसर. "हा बघ तुझा एक गुण. बहुतेक बाळांचा जातो."

मी ती पावलं मुठीत धरली. गार होती, सुरकुतलेली, माझ्या अंगठ्याहून जेमतेम लांब. ती तोंडाने चाचपत छातीशी आली, चुकली, पुन्हा आली आणि चीक ओढायला लागली. नवरा शेजारी खुर्चीत बसल्या बसल्या झोपला होता, वही मांडीवर तशीच उघडी. साधारण तासाभराने मी मूठ उघडून पाहिली. तळवे गुलाबी झाले होते.