सात त्रिक एकवीस

मे महिना लागला की रविवारी उपासना संपल्यावर पार्किंगमध्ये मुलांना घरीच शिकवणाऱ्या आम्हा बायकांचा एकच विषय असतो: पुढच्या वर्षी तू कुठला करिक्युलम घेतेस? मला सहा मुलं, त्यामुळे मला यातलं फार कळतं असा मंडळीत समज आहे. थोरली १४ वर्षांची, मुलगा १२ चा, जुळे ९ चे, मग ६ वर्षांची आणि ३ वर्षांचं शेंडेफळ. मी मूळची नगरची. आता अहिल्यानगर म्हणायचं, पण तोंडात नगरच बसलंय. राहतो ह्यूस्टनच्या बाहेर, आणि मुलांना सात वर्षं घरीच शिकवतोय.

आईला हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा फोनवर बराच वेळ शांतता होती. मिशनच्या शाळेत जन्मभर मास्तरीण होती ती. मग म्हणाली, "अगं, सावित्रीबाई शिकवायचं कसं ते शिकायला आपल्या नगरला मिस फरार या मिशनरी बाईंकडे आल्या. आपल्या लोकांना शाळेनं वर आणलं, आणि तू पोरांना शाळेतून काढतेस?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही पुरतं नाही. एवढंच म्हणाले, "आई, शाळा बंद नाही केली गं, घरात आणलीय."

टेक्ससमध्ये परवानगीचा प्रश्न येत नाही. १९९४ सालच्या एका खटल्यात या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने घरची शाळा म्हणजे खाजगी शाळाच, असं मानलं. वाचन, शुद्धलेखन, व्याकरण, गणित आणि नागरिकशास्त्र एवढं शिकवायचं. नोंदणी नाही, तपासणी नाही. म्हणजे चुकलं तर दोष द्यायला दुसरं कोणी नाही. पुस्तकांच्या यादीला मी इतकी का घाबरते, ते यात आलं.

मी चुकले तीन वर्षांपूर्वी. तेव्हा शिकणारी मुलं चार होती आणि सर्वांत धाकटं नुकतंच झालं होतं. दमलेल्या बाईला सगळं एका खोक्यात भरून येणारा करिक्युलम फार गोड वाटतो. इयत्तेप्रमाणे खोकं, त्यात सगळे विषय, रोजचा पाठ आखलेला, प्रत्येक धड्याला बायबलचं वचन. जुळ्यांची इयत्ता एकच म्हणून तीन खोकी मागवली. दोन हजार डॉलरच्या वर गेले. मिस्टरांनी बिल बघितलं आणि काही न बोलता फ्रिजवर चिकटवून ठेवलं.

ऑक्टोबरात एका रात्री बाळाला मांडीवर घेऊन हिशेब मांडला. खोकी तीन, विषय प्रत्येकी सात. सात त्रिक एकवीस. पाठाला वीस मिनिटं धरली तरी ४२० मिनिटं, म्हणजे सात तास नुसतं माझं बोलणं. त्यात स्वयंपाक नाही, दूध पाजणं नाही, कोणी पडलं-रडलं नाही. त्यातही थोरली इजिप्तमध्ये, मुलगा अमेरिकन यादवी युद्धात, जुळे "आपले मदतनीस" या धड्यात. जेवणाच्या टेबलावर एकमेकांशी बोलायला एकही विषय सामाईक नव्हता. पुस्तकं वाईट नव्हती. एक-दोन मुलांच्या घरात ती छान चालत असतील. आमच्या घरात मी तीन वर्गांमधून धावणारी शिपाई झाले होते.

तेव्हापासून मी करिक्युलम मुलाच्या इयत्तेवरून निवडत नाही, माझ्या तासांवरून निवडते. आधी विचारते, हे सगळ्यांना एकत्र बसवून शिकवता येईल का? बायबल, इतिहास, विज्ञान, कविता, चित्रं बघणं हे सगळं येतं. गणित आणि वाचायला शिकणं मात्र ज्याचं त्याचं.

इतिहासासाठी चार वर्षांचं चक्र घेतलं: प्राचीन, मध्ययुग, मग सतराशे-अठराशे, मग आजचा काळ. सगळं घर एकाच शतकात. सहा वर्षांची चित्र रंगवते, बारा वर्षांचा दोन पानं लिहितो, थोरली जाडं पुस्तक वाचते. सहाव्या वर्षी सुरू केलेल्या मुलाचं अठरापर्यंत हे चक्र तीनदा फिरतं, म्हणून या खेपेला काही सुटलं तरी मी डोकं धरून बसत नाही. वाचून झालं की ऐकलेलं आपल्या शब्दांत सांगायचं. ही शार्लट मेसन या इंग्लिश बाईंची जुनी पद्धत. त्या १९२३ मध्ये वारल्या, पण इथल्या ख्रिस्ती आया त्यांचं नाव शेजारणीसारखं घेतात. आईला सांगितलं तर म्हणाली, "हे तर आम्ही शब्बाथशाळेत करायचो. त्याचे पैसे घेतात?"

या ख्रिस्ती इतिहासाच्या पुस्तकांत भारत मात्र भेटतो तो फार थोडा. १७९३ साली विल्यम केरी हा इंग्रज मिशनरी बंगालमध्ये उतरला की भारत उगवतो, आणि एका प्रकरणानंतर मावळतो. म्हणून भिंतीवरच्या लांब कागदी कालपट्टीवर मी आमची माणसं घुसवते. केरीच्या बंगालमधल्या श्रीरामपूरच्या छापखान्यातून १८११ साली नवा करार मराठीत आला, ते तिथे आहे. रेव्हरंड टिळक आहेत. १८८६ चा चौकोन मुलांचा सर्वांत लाडका: मार्चमध्ये फिलाडेल्फियाला आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या, समारंभाला पंडिता रमाबाई हजर होत्या, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात न्यूयॉर्कला स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्याचं अनावरण झालं. एका जुळ्याने पुतळ्याला नऊवारी नेसवलीय. पुसायला लावलं नाही.

विज्ञानावरून घरात खरं भांडण झालं. इथली पुष्कळ ख्रिस्ती पुस्तकं पृथ्वीचं वय सहा-दहा हजार वर्षं धरूनच लिहिलेली असतात. माझे वडील नगरच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे आणि रविवारी वेदीजवळ वाचन करायचे. त्यांना यात कधी अडचण दिसली नाही. मिस्टर म्हणाले, मंडळीतली सगळी मुलं तेच वाचतात, आपली वेगळी कशाला पाडायची? आठवडाभर आम्ही फक्त मीठ दे, पाणी दे एवढंच बोलत होतो. शेवटी प्राणी, झाडं, मानवी शरीर यासाठी एका ख्रिस्ती प्रकाशकाची पुस्तकं घेतली. चित्रं सुरेख, प्रयोग घरात होण्यासारखे. भूगर्भशास्त्र मात्र लायब्ररीतून, आणि "लोक काय काय म्हणतात" ते दोन्ही बाजूंनी मोठ्या दोघांपुढे ठेवायचं. विकत घेण्याआधी मी आता अनुक्रमणिका नाही, उत्पत्तीचा धडा आधी उघडते. पुस्तक कुठल्या घरचं आहे ते तिथे लगेच कळतं.

गणितात आम्ही मॅथ-यू-सीवर स्थिरावलो. त्यात इयत्ता नसते, अल्फा, बीटा, गॅमा अशा पायऱ्या असतात, त्यामुळे मागे पडलेल्या पोराला आपण कितवीचं करतोय ते कळत नाही. मोजायला रंगीत ठोकळे: दहाचा निळा, शंभराचा लाल. परवा कुकरचं झाकण बसेना म्हणून बघितलं तर रिंगखाली निळा दहा अडकलेला. जुळे आता गॅमात आहेत, म्हणजे गुणाकार. तिथे इंग्रजीची गाडी सातावर अडली. शेवटी आईला व्हिडिओवर बसवलं. रोज संध्याकाळी, तिच्या पहाटे, ती टाळी वाजवत म्हणते आणि दोघं मागून. "सात त्रिक एकवीस, सात चोक अठ्ठावीस." आठवड्यात बसलं. गणित इंग्रजीत करतात, पण अडले की ओठ मराठीत हलतात.

पैशांचं म्हणाल तर शिक्षकाची पुस्तकं चर्चच्या हॉलमधल्या जुन्या पुस्तकांच्या विक्रीत घेते, सकाळी दार उघडायच्या आधी रांगेत उभी राहून. वह्या नव्याच लागतात. पाचव्या मुलापर्यंत वापरायच्या तर पान प्लास्टिकच्या पिशवीत सरकवायचं, वर पुसता येणाऱ्या पेनने लिहायचं. झेरॉक्स काढण्याआधी आतलं बारीक अक्षर वाचा. काही प्रकाशक एका घरापुरती मुभा देतात, काही देत नाहीत.

यंदाची ऑर्डर अजून कार्टमध्येच आहे. थोरलीला रसायनशास्त्र लागणार आणि ते मला झेपायचं नाही. शेजारच्या गावात चार घरं मिळून शुक्रवारी प्रयोग करतात, तिथे विचारलंय. मराठीसाठी बालभारतीची पुस्तकं उतरवून घेतलीत, ती फुकट आहेत. काल सहा वर्षांची पहिलीचं पुस्तक टॅबवर उघडून बसली होती. मला म्हणाली, "आई, यात वचन कुठे आहे?" मी म्हटलं, "नाहीये गं यात, हे सगळ्यांचं पुस्तक आहे." तिने पान उलटलं आणि बोट ठेवून वाचायला लागली, क कमळ.