आमची वाटचाल: लव्हेंडर मुरवताना

पुण्याच्या रविवार पेठेतलं आमचं अत्तराचं दुकान वडिलांनी उभं केलं ते हिना, खस आणि मोगऱ्यावर. लग्नसराई आणि गणपती यांवर वर्षाचा हिशेब बसायचा. मी गल्ल्यावर बसू लागलो तेव्हा बोटीवर नोकरी केलेले एक काका तळाशी आलेली बाटली घेऊन आले. पॅरिसच्या 'कारों' या अत्तर कंपनीचं 'पूर अन् ऑम'. "असं काही बनवून देशील का रे?"

झाकण उघडलं आणि मी अडकलोच. अत्तरकार एर्नेस्ट दाल्त्रोफ यांनी १९३४ साली केलेलं हे सेंट. वर लव्हेंडर, खाली व्हॅनिला. नुसतं लव्हेंडर थंड, स्वच्छ, नुकत्याच केलेल्या दाढीसारखं, पण ते लवकर उडून जातं. व्हॅनिला त्याला अंगावर धरून ठेवते. त्याआधी १८८२ साली 'उबिगां' या दुसऱ्या फ्रेंच कंपनीच्या 'फुझेर रोयाल' सेंटमध्ये लव्हेंडरला कुमारिनची, म्हणजे वाळल्या गवताच्या वासाची, जोड मिळाली होती. पुरुषांच्या सुगंधाची एक अख्खी परंपरा तिथून निघाली. केशकर्तनालयात येणारा तो ओळखीचा वास याच घराण्यातला. तो आवडायला शिकावं लागत नाही, म्हणून तो टिकलाय असं मला वाटतं.

आमचा पहिला प्रयत्न साफ फसला. स्वस्त म्हणून घेतलेलं तेल लव्हँडिनचं निघालं. हे संकरित झाड तेल भरपूर देतं, पण त्यात कापूर जास्त. काकांनी फाया हुंगला आणि म्हणाले, "हा तर बाम झाला!" दोन घाणे टाकून दिले. अस्सल लव्हेंडरमध्ये लिनालिल ॲसिटेट हा सुगंधी घटक भरपूर असतो, त्यानं वासाला गोडसर मऊपणा येतो, हे तेव्हा पैसे घालवून शिकलो.

आता आमचं तेल जम्मू विभागातल्या डोंगराळ भदरवाहचं. सीएसआयआर या सरकारी विज्ञान संशोधन परिषदेच्या जम्मूतल्या संस्थेनं तिथल्या शेतकऱ्यांना रोपं दिली, मक्याच्या जागी लव्हेंडर आलं. पुण्याच्या मे महिन्यात व्हॅनिला जड होते, म्हणून ती निम्मी करून चंदन घातलं. मूळ फ्रेंच वासापासून हे थोडं लांब गेलं, पण आपल्या हवेत तेच बरं वाटतं. काकांनी ते मान्य केलं, त्या दिवशी वडिलांनी स्वतःच्या हातानं कुपीवर चिठ्ठी चिकटवली.

यंदाचं तेल आलंय. मिश्रण सहा आठवडे मुरतं. त्याआधी कितीही घाई केलीत तरी आम्ही कुपी भरत नाही.