राऊतवाडीचा धबधबा, आईला घेऊन

गेल्या जुलैत आईला राऊतवाडीला नेलं. तिचे गुडघे दुखतात, रविवारच्या रेटारेटीत तिला चालवायचं नव्हतं. म्हणून मंगळवार धरला आणि सकाळी सहाला कोल्हापुरात रंकाळ्यावरून गाडी काढली.

हळदी, भोगावती करत राधानगरी, साधारण 50 किलोमीटर. तिथून दाजीपूरच्या रस्त्यानं पुढे गेलं की राऊतवाडी. गाडी नसेल तर रंकाळा स्टँडवरून राधानगरीची एसटी धरायची. पुढची सोय आणि परतीची शेवटची गाडी तिथं उतरल्या उतरल्याच विचारून ठेवावी.

धबधबा दिसायच्या आधी ऐकू येतो. झाडीतून ओली वाट जाते, मग एकदम अंगावर तुषार. पांढरंशुभ्र पाणी काळ्या कातळावरून कोसळतं, बाजूला शेवाळ आणि नेचे. आई एका दगडाला टेकून अर्धा तास नुसती बघत उभी होती. चेहरा भिजला तरी पुसला नाही. आठ वाजेपर्यंत आम्ही पाचसहाजणच होतो. ही शांतता हवी असेल तर शनिवार-रविवार टाळाच.

चहा देणाऱ्या मावशींनी सांगितलेलं मात्र जपून ठेवा: "पाणी तांबडं व्हाय लागलं की लगेच बाजूला सरकायचं, दादा." वर डोंगरात मोठा पाऊस झाला की खाली ऊन असलं तरी लोंढा येतो. धारेच्या अगदी खाली जाऊ नका, वरून दगडही येतात. चप्पल नको, पकड असलेले बूट घाला. जळवांसाठी मिठाची पुडी खिशात ठेवा, ओढून काढू नका.

जंगलात फिरायचा बेत असेल तर तो पावसाळ्यात जमत नाही. दाजीपूरचं गव्यांचं अभयारण्य तेव्हा पर्यटकांना बंद असतं. त्यासाठी डिसेंबर-जानेवारी बघा. दोन्ही एका फेरीत उरकायचा हट्ट करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

येताना राधानगरीचा जलाशय रस्त्यावरून पाहिला. राजर्षी शाहू महाराजांनी 1908 च्या सुमाराला काम सुरू केलेलं हे धरण. त्याचे 7 स्वयंचलित दरवाजे तलाव भरला की पाण्याच्या दाबानंच उघडतात. एका दरवाजातून 1,428 क्युसेक, म्हणजे सेकंदाला तेवढे घनफूट पाणी सुटतं. आईला हे ठाऊक होतं. "दरवाजं उघडलं की आपल्या पंचगंगेला पाणी चढतंय," ती म्हणाली.

तेवढ्यासाठीच निघण्याआधी कोल्हापुरात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी बघा. 39 फूट इशारा, 43 फूट धोका. इशाऱ्याच्या जवळ आली असेल तर त्या दिवशी जाऊच नका, परतीच्या रस्त्यावर पाणी येऊ शकतं. आम्ही निघालो तेव्हा पातळी बरीच खाली होती. अकराच्या सुमाराला राधानगरीत गरम भजी खाल्ली आणि दुपारच्या जेवणाला घरी.