चारपैकी एकच कोअर राबत होता

घोडबंदर रोडला मानपाड्याजवळ आमचं घर. नेट फायबरचं, आणि कंपनीच्या ओएनटीला (फायबरचा मोडेम) ब्रिज मोडवर टाकून, म्हणजे त्याने नेट नुसतं पुढे द्यायचं, पुढे राउटर माझा स्वतःचा. लॅमिंग्टन रोडवरून आणलेला सेकंडहँड मिनी पीसी, बिनपंख्याचा, इंटेल सेलेरॉन जे१९००, चार कोअर, चार लॅन पोर्ट, वर ओपीएनसेन्स हे राउटर-फायरवॉलचं सॉफ्टवेअर. १०० एमबीपीएसच्या प्लॅनवर तो डबा गुमान चालला. प्लॅन ५०० चा केला आणि रडगाणं सुरू झालं: डाउनलोड २१० च्या वर जाईना. अपलोड मात्र ४६०-४७०. हा उलटा प्रकार होता, आणि खरी गोम तिथेच होती, पण ते नंतर कळलं.

बायकोचा प्रश्न रास्त होता. "अहो, जास्तीचे पैसे भरून नेमकं काय मिळालं?"

कस्टमर केअरने नेहमीप्रमाणे ओएनटी रिस्टार्ट करायला लावला. मग तक्रार नोंदवल्यावर एक मुलगा आला. त्याने स्वतःचा लॅपटॉप थेट ओएनटीला लावला, आमचं युजरनेम-पासवर्ड टाकून पीपीपीओई (कंपनीकडे लॉगिन करून नेट जोडायची पद्धत) डायल केलं, ४९० दाखवलं आणि म्हणाला, "काका, आमच्याकडून फुल येतंय. तुमच्या डब्यात काहीतरी आहे." बरोबर होतं त्याचं. (तुम्हाला स्वतःला ही टेस्ट करायची असेल तर आधी मॅक बाइंडिंग, म्हणजे कनेक्शन एकाच उपकरणाच्या मॅक पत्त्याला बांधलेलं, आहे का विचारून घ्या. असेल तर राउटरचा मॅक लॅपटॉपवर कॉपी करावा लागतो, नाहीतर डायलच होत नाही.)

आता डब्यात म्हणजे कुठे? केबलवर संशय नव्हता. जुनी किंवा नीट क्रिंप न केलेली केबल असली की लिंक १०० वर येते आणि आकडा ९४-९५ ला अडकतो. २१० म्हटल्यावर लिंक गिगाबिटचीच. वायफायही बाजूला ठेवलं, सगळ्या टेस्ट वायरवर घेतल्या. आणि आयपर्फ३ (दोन मशीनमधला नेटवर्कचा वेग मोजणारा प्रोग्राम) राउटरवरच चालवून बघायचा मोह टाळला, कारण मग डबा ट्रॅफिक पुढे ढकलण्याऐवजी ते तयार करण्यातच दमतो आणि भलताच आकडा येतो. मोजायचं ते डब्याच्या आरपार.

म्हणून रात्री सगळे झोपल्यावर ओएनटी काढला, वॅन पोर्टला जुना लॅपटॉप लावला, दोन्हीकडे स्टॅटिक आयपी दिले आणि लॅनच्या डेस्कटॉपवरून आयपर्फ३ चार स्ट्रीमवर सोडलं, मग उलट दिशेने. त्याआधी सुरिकाटा, म्हणजे राउटरवरून जाणारं ट्रॅफिक हल्ल्यांसाठी तपासणारं सॉफ्टवेअर, बंद केलं होतं. ९३० च्या आसपास, दोन्ही बाजूंनी. गिगाबिटवर टीसीपीला साधारण एवढंच मिळतं. म्हणजे कार्ड ठीक, फायरवॉलचे नियम आणि नॅट (घरातल्या पत्त्यांची बाहेरच्या एका पत्त्याशी अदलाबदल) ठीक. तरी ओएनटी परत लावून पीपीपीओई जोडलं की २८०. सुरिकाटाने ७० खाल्ले होते हे कळलं, पण उरलेले २०० कुठे गेले?

डॅशबोर्डवर सीपीयू ३० टक्क्यांच्या आत दिसत होता. हा आकडा फसवा आहे, कारण तो चारही कोअरची सरासरी दाखवतो. एसएसएचने (दुसऱ्या मशीनवरून कमांड देण्याची सोय) राउटरच्या आत शिरून, कोण किती सीपीयू खातंय ते दाखवणारी टॉप कमांड थ्रेडनिहाय, कोअरनिहाय लावली आणि दुसरीकडे मोठं डाउनलोड सुरू केलं. कोअर शून्य १०० टक्के. बाकीचे तिघे ९० टक्क्यांच्या वर आयडल, नुसते बसून. यादीत सगळ्यात वर नेटवर्क कार्डाचा एकच थ्रेड (सीपीयूवर चालणारं एक काम) त्या शून्यावर ठाण मांडून होता.

कारण असं. कार्डाला एकापेक्षा जास्त रांगा असतात. आलेल्या पॅकेटचा आयपी पत्ता आणि पोर्ट बघून ते हॅश (त्यांच्यावरून ठरणारा एक आकडा) काढतं आणि त्यावरून पॅकेट वेगवेगळ्या कोअरकडे वाटतं. पीपीपीओईत आयपी पॅकेट आणखी एका लखोट्यात घातलेलं येतं आणि या कार्डाला लखोट्याच्या आतलं वाचता येत नाही. मग सगळं एकाच रांगेत, एकाच कोअरवर. अपलोडचं पॅकेट लॅनकडून साधं, उघडं येतं, म्हणून त्याची वाटणी नीट होते. अपलोड ४६० का आणि डाउनलोड २१० का, याचं उत्तर हे. ओपीएनसेन्स फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालतं आणि तिथे मूळ सेटिंग 'डायरेक्ट' असतं: ज्या कोअरने पॅकेट उचललं त्यानेच ते शेवटपर्यंत निस्तरायचं. जे१९०० हा २०१३ चा, दहा वॉटचा प्रोसेसर. त्याच्या एका कोअरचा जीव तो केवढा!

उपाय ओपीएनसेन्सच्या ट्यूनेबल्स (सिस्टिमची आतली सेटिंग) पानावर. नेट.आयएसआर.डिस्पॅच 'डिफर्ड' केलं, नेट.आयएसआर.मॅक्सथ्रेड्स उणे एक, म्हणजे जेवढे कोअर तेवढे थ्रेड. यातलं दुसरं रीबूटशिवाय लागू होत नाही. आता लखोटा फोडल्यावर आतलं पॅकेट रांगेत टाकलं जातं आणि बाकीचे कोअर ते उचलतात. रीबूटनंतर टॉपमध्ये चारही कोअर ४० ते ७० च्या मध्ये हलताना दिसले. डाउनलोड ४८०.

हार्डवेअर ऑफलोडिंगमधलं टीएसओ आणि एलआरओ (पॅकेट फोडण्या-जोडण्याच्या सोयी) माझ्याकडे आधीपासूनच बंद होतं. राउटरवर ते बंदच हवं. एमटीयू (एका पॅकेटची कमाल लांबी) १४९२, कारण पीपीपीओईचे आठ बाइट जातात. एमएसएस (त्यातल्या डेटाची मर्यादा) १४५२. हे चुकलं तर वेगापेक्षा काही साइट अर्धवट उघडण्याचा त्रास जास्त होतो.

सुरिकाटा मोजके नियम ठेवून परत लावून पाहिलं, ४०० च्या आसपास आलं. काढून टाकलं. घरात बाहेरून उघडा असा एकही पोर्ट नाही, आणि बहुतेक ट्रॅफिक एन्क्रिप्टेड असल्यामुळे त्याला आतलं फारसं दिसतही नाही. हे माझं मत, सगळ्यांना पटेलच असं नाही.

एका मित्राचं म्हणणं होतं की ओपनडब्ल्यूआरटी, म्हणजे लिनक्सवरचं राउटर सॉफ्टवेअर, टाक. त्यात तथ्य आहे, कारण लिनक्सचं कर्नल पीपीपीओईच्या आतला पत्ता वाचून पॅकेट वाटू शकतं. पण माझे व्हीलॅन, व्हीपीएन, डीएनएस सगळं ओपीएनसेन्सवर बसलेलं, ते पुन्हा कोण मांडणार? कंपनीचा गिगाबिट प्लॅनसाठी फोन येतोय. तो घेतला तर हा डबा पुरणार नाही. इंटेल एन१०० या नव्या प्रोसेसरवाल्या मिनी पीसीचे भाव काढून ठेवलेत, बायकोला अजून सांगितलेलं नाही.