दोन सबनेट जोडताना अडलेला एक राउट: माझा अनुभव

वरच्या ऑफिसचं नेटवर्क आणि खालच्या शॉप फ्लोअरचं नेटवर्क जोडणं हे खरं तर एका ओळीचं काम: एक राउट, म्हणजे कुठलं नेटवर्क कुठल्या पत्त्यावरून गाठायचं हे राउटरला सांगणारी ओळ. पण ती ओळ इंटरनेट कंपनीच्या राउटरमध्ये लिहावी लागते, आणि कंपनी ती लिहू देत नाही. सगळा वेळ तिथंच गेला, आणि त्याचा राग अजून आहे.

मांडणी अशी होती. वर १९२.१६८.१.०/२४ हे सबनेट, म्हणजे पहिले तीन आकडे सारखे असलेल्या पत्त्यांचं नेटवर्क. कंपनीचा फायबर राउटर १९२.१६८.१.१ वर, तोच सगळ्या पीसींचा गेटवे (बाहेर जायचं दार). खाली १९२.१६८.२०.०/२४, त्यात डीव्हीआर (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारा डबा), हजेरीचं मशीन आणि स्टोअरचा पीसी. मधे मायक्रोटिक कंपनीचा पाच पोर्टचा राउटर, एक बाजू १९२.१६८.१.२, दुसरी १९२.१६८.२०.१. (पुढं सोयीसाठी पत्त्यातलं १९२.१६८ गाळलं आहे.)

स्टोअरच्या पीसीवरून २०.१ ला पिंग (पोचतंय का हे बघणारी हाक) जातो, १.२ लाही जातो, पण १.३० या ऑफिसच्या पीसीला नाही. अशा वेळी लोक केबल बदलतात, स्विच बदलतात. त्याची गरज नाही. १.२ पर्यंत पिंग जातो तेव्हा बहुधा जाणारा रस्ता ठीक असतो, अडचण परतीची असते. १.३० वर वायरशार्क (येणारीजाणारी पॅकेटं दाखवणारा प्रोग्रॅम) लावला की चित्र स्वच्छ दिसतं: पिंगची विनंती येते, उत्तरही निघतं, पण त्या उत्तरावर पुढच्या टप्प्याचा मॅक ॲड्रेस (यंत्राचा हार्डवेअर पत्ता) असतो कंपनीच्या राउटरचा. २०.० हे नेटवर्क कुठं आहे हे पीसीला माहीत नाही, म्हणून तो उत्तर गेटवेकडे देतो. गेटवेलाही माहीत नसतं, तो ते इंटरनेटकडे ढकलतो आणि खासगी पत्ता असल्यामुळे ते तिथंच मरतं.

(वायरशार्कमध्ये विनंती येताना दिसली पण उत्तर निघालंच नाही, तर विंडोजचा फायरवॉल बघा. फाइल शेअरिंग आणि पिंगच्या नियमांत प्रायव्हेट प्रोफाइलला रिमोट ॲड्रेस ‘लोकल सबनेट’ एवढाच असतो. तिथं १९२.१६८.२०.०/२४ जोडायचं. फायरवॉल सरसकट बंद करू नका.)

उपाय एकच ओळ: कंपनीच्या राउटरमध्ये डेस्टिनेशन १९२.१६८.२०.०, मास्क २५५.२५५.२५५.० (म्हणजे तेच /२४), नेक्स्ट हॉप (पुढचा टप्पा) १९२.१६८.१.२, इंटरफेस लॅन (राउटरची आतली बाजू). राउटरखालच्या स्टिकरवरच्या लॉगिननं आत गेलं तर स्टॅटिक राउटचा मेनूच दिसत नाही. तो वरच्या दर्जाच्या लॉगिनला आहे आणि तो पासवर्ड ग्राहकाला देत नाहीत.

मग कॉल सेंटर. तिथं सुरुवात ‘राउटर बंद करून चालू करा’पासून. मग ‘स्पीड टेस्ट करा’. स्पीड पूर्ण आला की ‘आमच्या बाजूनं क्लिअर आहे’, आणि तक्रार सुटल्याचा एसएमएस. स्टॅटिक राउट हा शब्द ऐकून एकानं स्टॅटिक आयपीचे (न बदलणाऱ्या इंटरनेट पत्त्याचे) दर सांगितले. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही. एकानं रिसेटचं बटण दाबायला सांगितलं. ते दाबू नका. पीपीपीओईचं (इंटरनेट जोडणीच्या लॉगिनचं) युजरनेम आणि व्हीलॅन (लाइनवरच्या नेटवर्कचा क्रमांक) त्याच डब्यात असतं. ते पुसलं गेलं की कंपनीचा माणूस येईपर्यंत इंटरनेटही नाही.

शेवटी वरच्या टीमनं राउट टाकला, तो वॅन (इंटरनेटच्या बाजूच्या) इंटरफेसवर. १.२ लॅनच्या बाजूला आहे, त्यामुळे असा राउट शून्य कामाचा. तो दुरुस्त करून घेतल्यावर वरून खाली पिंग जायला लागला, पण डीव्हीआरचं वेब पान काही उघडेना. ‘पिंग येतोय ना?’ म्हणून तक्रार पुन्हा बंद. कारण त्यांच्याच फायरवॉलमध्ये होतं. ऑफिसच्या पीसीचं पहिलं पॅकेट १.१ वरून १.२ कडे जातं; डीव्हीआरचं उत्तर मात्र १.२ वरून थेट पीसीला मिळतं, १.१ ला ते दिसतच नाही. पीसीचं पुढचं पॅकेट आलं की १.१ म्हणतो, हे कनेक्शन जुळलेलंच नाही, आणि ते टाकून देतो. पिंगला असं कनेक्शन जुळवावं लागत नाही, म्हणून तो सुटतो. हे समजावून सांगितलं तरी फॉर्ममध्ये त्यासाठी रकाना नाही.

तात्पुरतं काम भागवायला ऑफिसच्या प्रत्येक पीसीवर ॲडमिन म्हणून ‘राउट -पी ॲड १९२.१६८.२०.० मास्क २५५.२५५.२५५.० १९२.१६८.१.२’. त्यातला -पी विसरलात तर रीस्टार्टनंतर राउट गायब. पीसी मोजके असतील तर हेही पुरतं.

कायमचा उपाय कंपनीला बाजूला सारण्याचा, आणि तो आधीच करायला हवा असं मी आता प्रत्येकाला सांगतो. लॅनचा पत्ता बदलायचं पान साध्या लॉगिनला उघडं होतं. कंपनीचा राउटर १९२.१६८.१००.१ वर नेला. मायक्रोटिकचा पहिला पोर्ट १९२.१६८.१००.२, डीफॉल्ट राउट (बाकी सगळ्यासाठीचा रस्ता) १००.१. दुसऱ्यावर १९२.१६८.१.१ आणि ऑफिसचा स्विच, तिसऱ्यावर १९२.१६८.२०.१. डीएचसीपी (पीसींना पत्ते वाटणारी सोय) आता मायक्रोटिकचा, मास्करेड (आतले पत्ते झाकून राउटरचा पत्ता लावणं) फक्त पहिल्या पोर्टवर. दोन्ही सबनेट एकाच राउटरला थेट लागले, स्टॅटिक राउटची गरजच संपली. ऑफिसमधले पत्ते आणि गेटवे जुनेच, त्यामुळे प्रिंटरला हात लावावा लागला नाही.

यात तीन ठिकाणी अडकायला होतं. पहिलं, मायक्रोटिकच्या मूळ सेटिंगमध्ये दोन ते पाच पोर्ट एकाच ब्रिजमध्ये, म्हणजे एकाच नेटवर्कात, असतात. तिसरा बाहेर काढावा लागतो. काढला की तो ‘लॅन’ यादीतूनही सुटतो. मग खालून ८.८.८.८ ला पिंग जातो पण वेबसाइट उघडत नाही, कारण राउटर त्या पोर्टवरून डीएनएसचे (वेबसाइटच्या नावाचा पत्ता विचारणारे) प्रश्न घेत नाही. पोर्ट यादीत घाला. दुसरं, कंपनीच्या राउटरचा वायफाय आता १००.० मध्ये पडतो. त्यावरच्या लॅपटॉपला शेअर्ड फोल्डर दिसेल, असं समजू नका. तो वायफाय बंद करून ऑफिसच्या स्विचला ॲक्सेस पॉइंट लावा. तिसरं, डीव्हीआरचा मास्क. तिथं २५५.२५५.०.० असेल तर १.३० हा आपल्याच नेटवर्कात आहे असं समजून तो गेटवेकडे जातच नाही. गेटवेचा रकानाही बऱ्याचदा ०.०.०.० असतो.

डीव्हीआर शोधणारं सॉफ्टवेअर वरून चालवलं तर काही सापडणार नाही; त्याचा शोध ब्रॉडकास्टवर (नेटवर्कातल्या सगळ्यांना एकदम हाक मारून) चालतो आणि राउटर ब्रॉडकास्ट पुढं सोडत नाही. थेट आयपी टाका.

बाहेरून कॅमेरे बघायचे असतील तर पोर्ट फॉरवर्ड (बाहेरची विनंती आतल्या यंत्राकडे वळवणं) आता दोन्ही राउटरवर करावा लागेल. त्याआधी कंपनीच्या राउटरचा वॅन पत्ता बघा. तो १००.६४.०.० ते १००.१२७.२५५.२५५ मधला असेल तर इंटरनेटवरचा पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला आहे, पोर्ट फॉरवर्डचा उपयोग नाही. तिथं मात्र स्टॅटिक आयपीच विकत घ्यावा लागतो, नाहीतर बाहेरच्या सर्व्हरवरून व्हीपीएन (इंटरनेटमधून जाणारा खासगी बोगदा).